पारायणाला ताठ बसायचा आग्रह कशासाठी?

खानापूरकर: आमच्या गावात सुगी आटोपली की ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. यंदा 12 वर्षांचा मुलगाही वाचायला बसणार. व्यासपीठ चालवणारे महाराज त्याला सारखं सांगतात, "पाठ ताठ ठेव, पोथी मांडीवर घेऊ नको." अर्थ कळणं महत्त्वाचं की बसणं?

निपाणीची आक्का: दादा, अर्थासाठीच बसणं. गल्लीतल्या पोरांना मी वाचायला बसवते, म्हणून सांगते. ओवीचे चार चरण, पहिल्या तिन्हींना यमक, चौथा आखूड. सगळ्यांबरोबर वाचताना श्वास ओवी संपल्यावरच घ्यायचा असतो. पोथी मांडीवर घेतली की मान लोंबते, पोट दबतं आणि तिसऱ्या चरणातच दम सरतो. मग पोर चौथा चरण गिळतं, आणि पुष्कळदा वाक्य पुरं होतं ते तिथंच! पोथी पाटावर ठेवा. घोंगडीची घडी करून बुडाखाली द्या. गुडघे खाली येतात, कणा आपसूक सरळ होतो.

हे महाराजांच्या मनाचं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात 13व्या श्लोकात "समं कायशिरोग्रीवं" म्हटलंय: धड, मान, डोकं एका रेषेत. तो श्लोक ध्यानाचा आहे, वाचनाचा नव्हे, हे खरं. पण अंग कुरकुरत असलं तर मन ओवीत कसं राहणार? माउलींनी तिथं आसन किती खुलवून सांगितलंय! तो अध्याय वाचाल त्या दिवशी पोराला जवळ घेऊन समजावा. पुढं 17व्या श्लोकात खाण्याझोपेचंही माप आहे. वाचनाआधी त्याला भरपेट जेवू घालू नका, डुलक्या येतात.

टाळकरी, बेळगाव: संध्याकाळी हरिपाठालाही उभा करा की त्याला. माझ्या पुतण्याला बसून अभंग पाठ होईनात. टाळ देऊन ओळीत घेतला, पावली जमली तसे शब्द तोंडात बसले. आता पाय थांबले तर अडखळतो, पाय चालले की पुढची ओळ येते.

खानापूरकर: पटलं. आईचे गुडघे दुखतात, तिलाही वाचायचंय. तिचं काय करू?

निपाणीची आक्का: खुशाल खुर्ची द्या. तळपाय जमिनीला टेकू देत, पोथी छातीच्या उंचीला येईल असा स्टँड ठेवा. मांडी घालायचा हट्ट त्यांना करू देऊ नका. दुखरा गुडघा घेऊन बसल्या तर सगळं लक्ष गुडघ्यातच जाईल.