ब्लूबर्डच्या पेटीत चिमणीने घरटं केलं, तर ते काढून टाकावं का?

अबोली
उत्तर अमेरिकेत परसात ब्लूबर्डसाठी, म्हणजे ढोलीत घरटं करणाऱ्या छोट्या निळ्या पक्ष्यासाठी, लाकडी पेट्या लावणाऱ्या सगळ्यांना विचारतेय. माझं मत आधीच सांगते: काढावं, आणि दर वेळी काढावं.

आमच्या पेटीत चार निळी अंडी होती, मादी उबवत होती. एका सकाळी झाकण उघडलं तर ती मेलेली. डोक्यावरची पिसं उपटलेली, कवटी टोचून टोचून फोडलेली. तिच्या अंगावरच गवताच्या काड्या आणून टाकायला सुरुवात झाली होती आणि पेटीच्या छपरावर चिमणा बसून चिवचिवत होता. 'हा घास चिऊचा' ऐकत मोठी झालेली मी. बराच वेळ तिथेच उभी राहिले.

ब्लूबर्डला लाकूड पोखरता येत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली मिळाली तर ठीक, नाहीतर आपली पेटी. चिमण्या मात्र माणसाने १८५१च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडल्या. ढोल्या बळकावणारे काळे स्टार्लिंग पक्षीही तसेच, १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. चूक माणसाची आहे, ती माणसानेच निस्तरायला हवी.

सुगरण
वाचून गलबलून आलं. तरीही मला हे पटत नाही. चिमणी काही आपणहून समुद्र ओलांडून आली नाही, मग शिक्षा तिला का? हाउस रेन हा इवलासा तपकिरी पक्षी तर तिथलाच, तोही दुसऱ्यांच्या अंड्यांना भोकं पाडतो. अमेरिकेच्या १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने त्याच्या घरट्याला हात लावता येत नाही. म्हणजे एकाच अपराधाला एकाला संरक्षण आणि दुसऱ्याची अंडी कचऱ्यात?

अबोली
रेन आणि ब्लूबर्ड हजारो वर्षं एकमेकांसोबत राहत आलेत. रेनला झुडपं लागतात, पेटी मोकळ्या गवतात लावली की त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. चिमणीला माणूस जवळ असला की पुरतं. आणि पेटी मी लावलीय. मी बोलावलेला पक्षी माझ्याच पेटीत मरतो, तेव्हा 'निसर्ग आहे' म्हणून मला मोकळं होता येत नाही.

दगडफूल
काढा म्हणणाऱ्यांनी आधी घरटं ओळखायला शिका. आत पिसं दिसली म्हणजे चिमणीच, असं नाही. ट्री स्वॅलो ही तिथली पाकोळीही पेटीत पिसं अंथरते, पण तिचं घरटं वाटीसारखं आणि अंडी पांढरीशुभ्र. तिला कायद्याचं संरक्षण आहे. चिमणीचा पसारा पार छतापर्यंत, त्यात कागद, प्लास्टिक, चिंध्या, आणि अंड्यांवर तपकिरी ठिपके.

दुसरं, नुसतं घरटं काढून भागत नाही. चिमण्याचा जीव जागेवर जडलेला असतो. घरटं गेलं तरी तो जागा सोडत नाही, उलट शेजारच्या पेट्यांवर तुटून पडू शकतो. म्हणून काही जण अंडी जोरात हलवून परत ठेवतात. मादी न उबणाऱ्या अंड्यांवर बसून राहते, तेवढे दिवस निघतात.

३८ मिलिमीटरच्या भोकातून स्टार्लिंग शिरत नाही, चिमणी सहज शिरते. २८ मिलिमीटरमधून चिमणीही जात नाही, पण मग ब्लूबर्डही नाही, चिकॅडी हे त्याहून छोटे पक्षी येतील. भिंतीलगत चिमण्यांचा थवा असेल तर मी सरळ चिकॅडीची पेटी लावेन. ब्लूबर्डच हवा असेल तर त्याचं पहिलं अंडं पडल्यावर चिमण्यांना बुजवायला छपरावर चकचकीत पट्ट्या लोंबत्या ठेवा. आधी नको, ब्लूबर्डच बुजेल. बाजरी आणि मक्याचा चुरा टाकणं बंद करा. आणि आठवड्यातून एकदा पेटी उघडून बघणं जमणार नसेल, तर पेटी लावूच नका.

अबोली
शेजारच्या पेट्यांचं खरं आहे. मी घरटं काढलं आणि तिसऱ्या दिवशी चिमण्याने नवं रचलं होतं. बाजरी आम्हीच टाकत होतो. ती आजपासून बंद. भोकाला लाकडी बूच मारलंय, चिमणा ती जागा सोडेपर्यंत ते तसंच राहील.

सुगरण
बूच मला मान्य आहे, बाजरी बंद तर नक्कीच. अंडी हलवणं माझ्या हातून होणार नाही. माझ्या अंगणात मी चिकॅडीचीच पेटी लावेन.