‘यासाक’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्नकर्ती: सायबेरियातील रशियन विस्तारावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘यासाक’पाशी अडले आहे. येर्माक या सरदाराच्या कोसॅक लढवय्यांनी १५८०च्या दशकात उरल ओलांडल्यापासून १६३९मध्ये रशियन ओखोत्स्क समुद्राला भिडेपर्यंत, वाटेतल्या हांती, एवेंकी, याकूत लोकांवर झारने दरसाल फर देण्याची सक्ती केली, तीच यासाक. प्रामुख्याने सेबल या प्राण्याची. मी ‘खंडणी’ लिहिले. खंडणी म्हटले की वाचकाला गुंड आठवतात, म्हणून संपादकांनी ‘कर’ केले. मला तो शब्द फारच सोज्वळ वाटतो.

मोडीवाचक: संपादकांशी मी असहमत आहे. जुन्या कागदांत मुलखावर ठरवून बसवलेली रक्कम म्हणजे खंडणी. आमच्या गावी जमीन आजही ‘खंडाने’ देतात, त्यात कोणाला गुंडगिरी दिसत नाही. पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकापायी इतिहासाने आपला शब्द का सोडावा?

सातारकर: मग ‘चौथ’ का नको? १७१९मध्ये तर तिला बादशाही मान्यताही मिळाली.

मोडीवाचक: चौथ हा महसुलाचा चौथा हिस्सा. यासाक माणशी कातड्यांवर मोजत. शिवाय यासाक घेताना रशियन अधिकारी लोखंडी वस्तू, कापड, पीठ भेट देत, त्यामुळे देणाऱ्यांपैकी काहींना हा व्यापारच वाटे, तर घेणाऱ्याच्या दप्तरी ती ताबेदारीची खूण असे. हा दुहेरीपणा ‘चौथ’मध्ये येत नाही. खरे तर ‘खंडणी’तही येत नाही, हे मान्य करतो.

भाषाप्रेमी: संस्कृतात ‘बली’ म्हणजे कर. ‘चर्मबली’ हा शुद्ध शब्द सहज रुळेल.

सातारकर: वाचकाला बळीचा बकरा आठवेल, महाराज. आणि ‘जकात’ व ‘यासाक’ एकाच मुळाचे वाटत नाहीत का?

मोडीवाचक: नाही. जकात अरबी आहे, यासाक तुर्की-मंगोल. चंगीझखानाचा ‘यासा’ म्हणजे कायदा, तोच त्याच्या मुळाशी मानतात. आजच्या तुर्कीत ‘यासाक’ म्हणजे मनाई. नाते शोधायचेच तर ‘अमानात’कडे पाहा. यासाक बुडू नये म्हणून रशियन लोक टोळीतल्या वजनदार घरांतली माणसे गढीत डांबून ठेवत आणि त्यांना ‘अमानात’ म्हणत. मूळ अरबी शब्द तोच, ज्याची अक्षरे उलटीपालटी होऊन आपली ‘अनामत’ झाली.

प्रश्नकर्ती: हे वाचून सुन्न झाले. लेखात मी तिथे ‘ओलीस’ लिहिले आहे. ‘अनामत’ लिहावे का?

भाषाप्रेमी: माणसाला अनामत म्हणणे मराठीत बसत नाही. अनामत रक्कम असते.

मोडीवाचक: त्या गढीतल्या हिशेबनीसाला नेमके तेच बसत होते. सेबल संपत गेले, तसे शिकारी आणि वसुलीदार पूर्वेला सरकत राहिले आणि पुढच्या नदीवर पुन्हा नवी गढी, नवे अमानात. ‘ओलीस’मध्ये मला अपहरण ऐकू येते, ही हिशेबी व्यवस्था नाही.

सातारकर: आमच्या घरमालकाने अनामत अजून परत केलेली नाही, एवढेच नोंदवतो.

प्रश्नकर्ती: संपादकांना उद्या मजकूर द्यायचा आहे. ‘यासाक’ तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला तळटीप देते. ‘अमानात’चे अजून ठरलेले नाही.