युद्धातली युक्रेनची तरुण पोरं : तुम्ही पाहिलेलं, ऐकलेलं लिहा

खारकीव_ते_सांगली

आज परत ते कीवचे फोटो समोर आले, जुलै २०२५ चे. विशी-बाविशीतली पोरं हातात पुठ्ठे घेऊन उभी आहेत. भ्रष्टाचाराचा तपास करणाऱ्या दोन संस्थांची स्वायत्तता काढणाऱ्या कायद्यावर २२ जुलैला सही झाली आणि त्याच संध्याकाळी ही पोरं रस्त्यावर आली, कीव, ल्विव, ओडेसा, द्नीप्रो सगळीकडे. बॅनर छापायला वेळ कुठला, खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्करने लिहिलं आणि निघाली. रात्री ड्रोन येतात, कर्फ्यू आहे, कुणाचा भाऊ आघाडीवर आहे, तरी म्हणाली हे चालणार नाही. ३१ जुलैला संसदेला ते अधिकार परत द्यावे लागले.

पुठ्ठा बघून मला मेट्रो आठवली. मी तेव्हा खारकीवला थर्ड इयरला. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे आवाज सुरू झाले आणि आम्ही सगळे खाली नौकोवा स्टेशनात. फरशी इतकी गार की बसवत नव्हतं. तर वरच्या बिल्डिंगमधली शाळकरी पोरं सुपरमार्केटच्या मागून खोकी आणून, फाडून, सपाट करून वाटत होती. आधी म्हाताऱ्यांना, मग लेकुरवाळ्यांना, मग आम्हाला. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्यातली एक मुलगी, सोळा-सतरा वर्षांची असेल, शाळेच्या वहीत लिहून घ्यायची कुणाला कुठलं औषध लागतंय. बीपी, इन्सुलिन, थायरॉईड. मी मेडिकलचा म्हणून मला शेजारी बसवलं आणि प्रत्येक नावापुढे विचारायची, हे नाही मिळालं तर काय चालेल? गोळीबार जरा थांबला की वर जायची, फार्मसीच्या रांगेत उभी राहायची. मी तिथून बाहेर पडलो, ती तिथेच राहिली.

तिकडे असलेल्या पोरापोरींबद्दल तुमच्याकडे काही असेल तर लिहा. मोठंच काही हवं असं नाही.

टर्नोपिल_२०१९बॅच

दादा मी तिकडे टर्नोपिलला शिकत होते. बॉर्डरच्या अलीकडे गाड्या बंद पडल्या तिथून सगळे चालत. रांगेत आपल्या मुलांना धक्काबुक्की झाली, ते मी विसरणार नाही आणि ते लपवायचंही नाही. पण त्याच रस्त्यावर गावातली मुलं घरातून पातेली आणून गरम चहा आणि सूप देत होती, रात्री दोन-तीन वाजता, मायनस तापमानात, पासपोर्ट कुठला ते न विचारता. एकाने माझ्या मैत्रिणीला स्वतःचे हातमोजे काढून दिले. दोन्ही खरं आहे.

लेकीची_आई_नाशिक

माझी लेक विनित्साला होती, ती रोमानियामार्गे आली, ऑपरेशन गंगाच्या विमानाने. ती घरी पोचली तेव्हा मी देवासमोर दिवा लावला पण तिचं लक्ष सगळं फोनमध्ये, कारण तिची तिकडची मैत्रीण तिथेच होती ना, आणि ती मैत्रीण काय करत होती तर कॉलेजच्या हॉलमध्ये बसून जाळी विणत होती, जुने कपडे फाडून हिरव्या तपकिरी पट्ट्या, मोठ्या नेटला गाठी मारायच्या, रणगाडे गाड्या लपवायला. व्हिडिओ कॉलवर मला दाखवायची, मामा बघ, मामा म्हणजे त्यांच्यात आई. आजी, सून, नात सगळ्या एकाच नेटला बसलेल्या. मग हिवाळ्यात लाईट जायला लागली, २०२२ चा शेवट असेल, ऑनलाईन लेक्चर घेणारी मॅडम फार तर अठ्ठावीसची, सायरन झाला की पॅसेजमध्ये जाऊन बसायची, त्यांच्यात नियम आहे बाहेर आणि आपल्यात दोन भिंती हव्यात. डोक्याला टॉर्च, फोन पॉवर बँकवर आणि इकडे नाशिकला बसलेल्या मुलांना म्हणायची घाबरू नका. आम्हाला म्हणे घाबरू नका! मी किचनमधून ऐकत असायचे, डोळे भरून यायचे. बाई गं, तुला कोण सांगतंय घाबरू नको म्हणून.

मिरजेचा_पेशंट_नव्हे_डॉक्टर

काकू, लेकीला मोबिलिटी, म्हणजे दुसऱ्या देशातल्या कॉलेजात पुढे शिकायची सोय, मिळाली का मग? कुठे?

लेकीची_आई_नाशिक

हो, जॉर्जियाला. क्रोक पण दिली, युक्रेनची मेडिकलची परीक्षा. आता इंटर्नशिपचं बघतोय, फार हिंडावं लागतंय.

मिरजेचा_पेशंट_नव्हे_डॉक्टर

मला मेसेज करा, आमच्या बॅचचे दोघे त्यातून नुकतेच गेलेत, कागदांची यादी देतो.

बर्लिनची_वारी

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलला कीवची मुलगी आहे म्हणून मला हे जवळून दिसतं. पहिल्या दिवसांत ती संध्याकाळी सुटली की सरळ बर्लिनच्या मुख्य स्टेशनवर, हाउप्टबानहोफला. गाड्या भरभरून बायकामुलं यायची आणि ही जाकीट घालून प्लॅटफॉर्मवर, कुणाला कुठे झोपायचं, पुढची गाडी कुठली, मांजर घेऊन आलेल्या आजींचं काय. तिच्यासारखी कितीतरी स्टुडंट मुलं होती तिथे.

आता तिचा वाढदिवस असला की ती म्हणते केक नको, बान्कामध्ये टाका. मोनोबँकच्या ॲपमध्ये लिंक बनवता येते, बान्का म्हणजे बरणी, कशासाठी आणि किती हवेत ते लिहायचं आणि पाठवायचं. मागच्या वेळी जखमींना आणायच्या पिकअप गाडीसाठी होती. तिकडे कॉलेजातल्या प्रत्येक पोराची एक तरी बान्का चालू असते म्हणे, कुणाची टूर्निकेटसाठी (रक्त थांबवायचा पट्टा) तर कुणाची भावाच्या युनिटच्या जनरेटरसाठी. आणि गाडी घेतली की बिल आणि फोटो टाकायचाच, नाहीतर पुढच्या वेळी कोणी दमडी देत नाही.

तिचा धाकटा भाऊ शनिवार-रविवारी चेर्निहिव भागातल्या खेड्यांत जायचा, रिपेअर टुगेदर म्हणून ग्रुप आहे तरुणांचा. याहिद्ने नावाचं गाव आहे तिकडे, मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने गावातल्या ३०० हून जास्त लोकांना शाळेच्या तळघरात जवळजवळ महिनाभर कोंडून ठेवलं होतं, काही म्हातारी माणसं तिथेच वारली. त्या गावातल्या सांस्कृतिक भवनाचं छप्पर उडालेलं. ही पोरं बस करून गेली, फावडी घेतली आणि डीजे लावला! खरंच, टेक्नो लावून नाचत नाचत विटा-माती उपसली. त्यांच्याकडे जुनी पद्धत आहे तोलोका म्हणून, आपल्याकडे इर्जिक असायचं तसंच, सगळा गाव मिळून एकाचं काम उरकतो. पुढे लुकाशिव्का गावात त्यांनी घरं पडलेल्यांना नवी घरंही बांधून दिली. मला आधी नाच ऐकून कसंतरी वाटलं होतं, पण ती म्हणाली ही मुलं कीवच्या क्लबमध्ये जाणारी, त्यांचं तारुण्यच गेलंय ना, मग जिथे काम तिथेच नाचतात. गावच्या आज्या त्यांना डब्यात भरून जेवण आणतात.

बळीराजा_परभणी

मी कधी देशाबाहेर गेलो नाही. पण २०२२ ला सूर्यफूल तेलाचा भाव कडाडला तेव्हा कळलं आपलं तेल बहुतेक तिकडूनच यायचं. काळी माती आहे त्यांच्याकडे आपल्यासारखीच, त्यात आता सुरुंग. शेतकऱ्याला स्वतःच्या रानात पाय टाकायची भीती वाटावी यापरता हाल नाही. तिथल्या एका पोराचं वाचलं होतं, ईगोर क्लिमेन्को, १७ वर्षांचा, युद्ध सुरू झाल्यावर तळघरात राहायला लागलं तिथे बसून सुरुंग शोधणाऱ्या ड्रोनचं काम पुढे नेलं, त्याला २०२२ चं ग्लोबल स्टुडंट प्राईझ मिळालं, १ लाख डॉलर. माझा मुलगा त्याच वयाचा, त्याला दाखवलं. तो नुसता बघत राहिला.

चहाबाज

सुरुंगावरून, पात्रोन कुणाला माहीत आहे का? चेर्निहिवच्या आपत्कालीन सेवेतला जॅक रसेल कुत्रा, अंगात छोटं जाकीट, वास घेऊन सुरुंग शोधतो. राष्ट्राध्यक्षांनी पदक दिलं त्याला मे २०२२ ला आणि तो तिथे भुंकला. वयाने बघाल तर तोही तरुणच 😊

टर्नोपिल_२०१९बॅच

पात्रोन!! माझ्याकडे त्याचं स्टिकर आहे. शाळेतल्या मुलांना कळावं म्हणून त्याचं कार्टून काढलंय, अनोळखी वस्तूला हात लावायचा नाही हे तोच शिकवतो.

झेडपी_गुरुजी

शाळेचा विषय निघाला म्हणून. खारकीवमध्ये सप्टेंबर २०२३ पासून मेट्रो स्टेशनांत वर्ग भरतात. साठेक वर्ग, हजारावर मुलं. पुढे मे २०२४ मध्ये जमिनीखाली वेगळी शाळाच बांधली. शहर सीमेच्या इतकं जवळ की क्षेपणास्त्र सुटल्यावर सायरन वाजेपर्यंत वेळच उरत नाही, म्हणून वर शाळा चालवता येत नाही. मी दोन शिक्षकी शाळेवर आहे, पावसात वर्ग गळायला लागला की आमची तारांबळ उडते. त्या व्हिडिओत गाडीचा आवाज येत असताना पोरं पाढे म्हणतायत आणि तरुण शिक्षिका त्यांच्यासमोर हसऱ्या चेहऱ्याने उभ्या आहेत. तो हसरा चेहरा ठेवायला काय लागतं ते शिक्षकालाच कळेल.

खारकीव_ते_सांगली

गुरुजी, हो. त्याच मेट्रोत. मे २०२२ च्या अखेरीस गाड्या परत सुरू झाल्या, तोपर्यंत लोक डब्यांत राहत होते.

उंचउडी_सोलापूर

मी ॲथलेटिक्सवाली, मला उंच उडीवाल्या यारोस्लावा माहुचिखबद्दल लिहायचंय. द्नीप्रोची, २००१ चा जन्म. युद्ध लागल्यावर तीन दिवसांहून जास्त कारने प्रवास करून बेलग्रेडला पोचली आणि मार्च २०२२ मध्ये वर्ल्ड इनडोअरचं गोल्ड घेतलं, २.०२ मीटर. जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये २.१०, म्हणजे १९८७ पासून कुणाला न मोडता आलेला रेकॉर्ड मोडला, आणि महिन्याभरात ऑलिम्पिक गोल्ड. दोन उड्यांच्या मध्ये ती स्लीपिंग बॅगमध्ये शांत पडून राहते. लोक म्हणतील उडीने काय होणार, पण प्रत्येक मुलाखतीत ती घरी काय चाललंय ते सांगते, जग दुसरीकडे बघायला लागलं की परत तिकडे वळवते. प्रॅक्टिसला ट्रॅक नाही, घर नाही, आणि उडीची लय सांभाळायची, आम्हाला नुसतं ग्राउंड बदललं तरी रनअप चुकतो.

सिस्टर_लंडन_मूळ_चिपळूण

ड्यूटीच्या मधे लिहितेय. आमच्या वॉर्डात एक युक्रेनियन हेल्थकेअर असिस्टंट आहे, तिच्यामुळे मला इरिना त्सिबुख कळली. टोपणनाव चेका. मीडियात काम करायची, मग हॉस्पिटालर्स या जखमींवर आघाडीवर उपचार करणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीबरोबर वैद्यकीय स्वयंसेवक. ही तुकडी याना झिंकेविच नावाच्या मुलीने २०१४ मध्ये उभी केली, तेव्हा ती जेमतेम शाळेतून बाहेर पडलेली. नंतर अपघातात तिचे पाय गेल्यासारखे झाले, व्हीलचेअरवरून काम चालू ठेवलं, खासदारही झाली.

इरिना २९ मे २०२४ ला खारकीवच्या आघाडीवर मारली गेली, २६ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. तिकडे रोज सकाळी ९ ला मृतांसाठी एक मिनिट थांबायचं असं ठरलंय पण लोक थांबत नाहीत, ते खरंच थांबावेत म्हणून ती झटायची. तिने लिहून ठेवलं होतं की मला निरोप द्यायला भरतकामाचे कपडे घालून या, गाणी पाठ करून या. आणि तरुण पोरंपोरी खरंच तशी आली, गायली. आमची ती असिस्टंट सकाळी ९ ला, तिकडच्या वेळेप्रमाणे, म्हणजे इथे ७ ला, हँडओव्हर चालू असतं तरी एक मिनिट बाजूला होते. आता आमची इनचार्ज त्या वेळी तिला हाक मारत नाही.

लेकीची_आई_नाशिक

२६ म्हणजे माझ्या लेकीएवढी. काही लिहवत नाही.

मिरजेचा_पेशंट_नव्हे_डॉक्टर

८ जुलै २०२४ ला कीवच्या ओखमतदित या मुलांच्या हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडलं तेव्हाचे व्हिडिओ मी राउंडच्या आधी पाहिले होते. साखळी करून पोरं विटा एकेक हाताने पुढे देतायत, शेजारी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, तो पण कुणीतरी आपणहून आणलेला. डायलिसिसची मुलं होती तिथे.

वाईकर

@खारकीव_ते_सांगली, त्या वहीवाल्या मुलीचं पुढे काय झालं?

खारकीव_ते_सांगली

टेलिग्रामवर आहे. खारकीवमध्येच, घरच्यांनी पोलंडला चल म्हटलं तरी गेली नाही. आता हल्ला झाला की फुटलेल्या खिडक्यांना प्लायवूड लावणारा ग्रुप आहे त्यात असते. थंडीत काच फुटली की घर एका रात्रीत गोठतं, पाइप फुटतात, म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत मापं घेऊन, कापून, ठोकून मोकळं व्हायचं. पहिल्यांदा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं. ड्रिल मशीनचा फोटो पाठवते मला.

सोल्डरिंग_पुणे

इंजिनिअरिंगचा आहे, सेकंड इयर. तिकडची मुलं फेकलेल्या ई-सिगरेट गोळा करतात, आतली लिथियम बॅटरी काढतात, चेक करतात आणि जोडून पॉवर बँक बनवून आघाडीवर पाठवतात. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर ड्रोनचे पार्ट छापतात. ट्यूना-मक्याच्या रिकाम्या डब्यात पुठ्ठ्याची गुंडाळी, वर वितळलेलं मेण, की झाली खंदकातली शेगडी, हे तर शाळेतली पोरं करतात. मी हे बघून जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या जमवायला लागलोय, आमच्या गावी जुन्नरकडे रात्री लाईट जाते, अभ्यासिकेत दिवे लावायचेत.

वाईकर

ई-सिगरेट तर आपल्याकडे २०१९ पासून बंद. लॅपटॉपच्याच बघ. माझ्याकडे दोन पडल्यात, हडपसरला येऊन घेऊन जा.

सोल्डरिंग_पुणे

दादा नक्की! शनिवारी येऊ?

बळीराजा_परभणी

पोरा, फुगलेला सेल घेऊ नको, पेट घेतो. आमच्याकडे फवारणी पंपाच्या बॅटरीचं झालंय तसं.

वाईकर

बरोबर बोललात काका. शनिवारी ये, मल्टिमीटर घेऊन ये, अडीच व्होल्टच्या खाली गेलेले बाजूला काढू.