चर्चा: 'रडकू पोऱ्या'ला शाळेत बंदी कशासाठी?

तापीकाठ:
जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत बालसभेला तिसरीच्या पोरांनी हे म्हटलं:

रडकू पोऱ्या रडी ऱ्हायना,
कुत्रा भाकर लई पयना.
माय इचारे, काबर रडस?
पोऱ्या म्हने, नाक गयस!

म्हणजे कुत्रा भाकर घेऊन पळाला म्हणून पोर रडतं, आई विचारते का रडतोस, तर म्हणतं, नाक गळतंय! वर्ग हसून लोळला. दुसऱ्या दिवशी सूचना आली, की चिडवाचिडवीची आणि 'अशुद्ध' भाषेतली गाणी शाळेत नकोत. माझा साफ विरोध आहे. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी पोरं या चार ओळी खणखणीत म्हणतात. अशुद्ध काय त्यात? अहिराणी आहे ती. 'गळतं'चं 'गयस' होतं म्हणून तर 'रडस'शी जुळतं. 'रडतोस' आणि 'गळतं' असं म्हणून बघा, कोण हसेल?

पारोळ्याची लेक:
दादा, अहिराणीबद्दल तुमचंच खरं. पण मी नकटी. चौथीत पोरी मला मधे घेऊन टाळ्यांवर 'नकटी नकटी' म्हणायच्या. मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून डबा खायची. त्या वर्षी खाल्लेला मार मी विसरले, चाल विसरले नाही. गाणं शिवीपेक्षा चिवट असतं. सूचना काढणाऱ्यांचं निम्मं मला पटतं.

साक्रीचा मास्तर:
ताई, दुखणं खरं आहे, पण बंदी हे औषध नाही. पोरं अशी गाणी गुरुजींना विचारून म्हणत नाहीत. वर्गात बंद केलीत तर हातपंपाजवळ म्हणतील, आणि तिथे आपण नसतो. 'रडकू पोऱ्या'त कुणाचं नाव नाही. ज्याची त्या दिवशी भाकर सांडते, तो पोऱ्या होतो. 'नकटी'त मात्र एकाच पोरीचं नाक रोज धरलेलं असतं. हा फरक आठ वर्षांच्या पोरांना समजावून सांगता येतो, मी सांगतो.

गुलाबाईवाली:
मला तर मास्तरांचं पटत नाही. भाकर रोज एकाच घरची कमी पडत असेल तर? भादवी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या गल्लीत गुलाबाई बसते, पोरी जमून तिची गाणी म्हणतात. गाण्यांत टर सासूची, नणंदेची, म्हणजे वरचढ माणसाची. मग झाकलेला खाऊ ओळखायचा. चणे, मुरमुरे, कधी शेव. हसायला कमी पडत नाही आणि कुणी टाकीमागे जात नाही. शाळेला गाणी हवीच असतील तर ही घ्या.

तापीकाठ:
गुलाबाई घ्याच. पण पोरांनी स्वतः रचलेलं टाकून मोठ्यांनी निवडलेलंच द्यायचं, हे मला मान्य नाही. शाळेत न गेलेल्या बहिणाबाईंची गाणी घरच्यांनी लिहून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. पोरांची कोण लिहितं? मी त्यांच्या गाण्यांची वही सुरू केली आहे. ताई, 'नकटी' त्यात घेणार नाही.

पारोळ्याची लेक:
घ्या 'नकटी'. पण खाली हेही लिहा. रडत घरी आले तेव्हा आजीने चुलीपुढे बसवून शिकवलं होतं:

माले हासस? तुना दात पडना,
उंदीर लिसन चुल्हामांगे दडना!

म्हणजे मला हसतेस? तुझा दात पडला, उंदीर तो घेऊन चुलीमागे दडला! चिडवणाऱ्या पोरीचे पुढचे दोन दात खरंच पडलेले होते. तरी मधे घेणं बंद व्हायला दिवाळी उजाडली.