मदत हवी आहे : मुलगा सज्ञान झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा खर्च घटस्फोटित वडिलांवर राहतो का?

नमस्कार. आमचा घटस्फोट 2015 साली, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब प्रमाणे परस्परसंमतीने झाला आणि दोन्ही मुलांचा ताबा माझ्याकडे आला. मी स्वतःसाठी पोटगी मागितली नाही. मात्र ‘मुले सज्ञान होईपर्यंत शिक्षणाचा खर्च वडील करतील’ अशी अट लिहून घेतली. मुलगा तेव्हा दुसरीत होता, त्यामुळे वकिलांनी ते वाक्य वाचून दाखवले तेव्हा ‘सज्ञान’ या शब्दापाशी मी क्षणभरही थांबले नाही.

आता तो पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचे शुल्क वडिलांनी कुरकुर न करता भरले, हेही सांगायला हवे. डिसेंबरमध्ये त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली. या वर्षीच्या 1,42,000 रुपयांचा तपशील पाठवल्यावर मात्र व्हॉट्सॲपवर ‘अटी पुन्हा वाच’ एवढेच उत्तर आले. वसतिगृह आणि मेसचे पैसे आधीपासून मीच भरते.

माझ्या वाचनात आले ते असे. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या (1956) कलम 20 नुसार अपत्यांच्या निर्वाहाची जबाबदारी आई आणि वडील दोघांवरही आहे, आणि ‘निर्वाह’ या शब्दात शिक्षणही येते. पण मुलग्यासाठी ती तो अज्ञान असेपर्यंतच आहे, तर अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर तिच्यासाठी त्यानंतरही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणखर्चाच्या हक्काबद्दल जे स्पष्टपणे सांगितले, तेही मुलीबद्दलच. म्हणजे नववीतल्या माझ्या मुलीची बाजू भक्कम आणि तिच्या दादाची लंगडी, हे मला अजूनही पचलेले नाही. मात्र मार्च 2021 मध्ये त्याच न्यायालयाने एका पित्याला मुलाच्या पहिल्या पदवीपर्यंत खर्च देण्यास सांगितले होते. संमतीच्या अटींमध्ये वयाची मर्यादा स्पष्ट लिहिलेली असताना त्या आदेशाचा आधार घेता येतो का, ही माझी मुख्य अडचण आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली आदेशात वेळोवेळी बदल मागता येतो, पण तिथेही शब्द ‘अज्ञान अपत्ये’ असाच आहे. मग अर्ज मुलाने स्वतःच्या नावाने करायचा का? त्याला वडिलांसमोर कोर्टात उभे करणे मला जिवावर येते. आधी मध्यस्थीचा मार्ग कुणी वापरून पाहिला असल्यास तो अनुभव जरूर लिहावा. मुलीसाठी ‘पदवी पूर्ण होईपर्यंत’ असा सुधारित करार आताच करून तो कोर्टात नोंदवावा का, हेही कळवावे.

आणखी एक. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. अर्ज भरताना मुलगा ‘वडिलांचे उत्पन्न’ या रकान्यापाशी अडला आणि लॅपटॉप मिटून उठला. तिथे घटस्फोटाचा हुकूमनामा जोडून फक्त माझ्या उत्पन्नाचा दाखला दिलेला चालतो का?

शुल्काचा पहिला हप्ता मी भरला आहे. दुसऱ्याची मुदत 15 ऑक्टोबर आहे.