प्रति: न्यू जर्सीत कालव्याकाठी सायकल कुठे चालवावी?

कालव्याकाठी सायकल चालवायला आधी एकाने प्रिन्स्टनचा पट्टा सुचवला आहे. तो छानच आहे, पण शनिवार-रविवारी तिथे सायकलीपेक्षा घंटीच जास्त वापरावी लागते. खरा ग्रामीण भाग हवा असेल तर लॅम्बर्टव्हिलला गाडी लावा आणि डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या फीडरच्या (मुख्य कालव्याला पाणी पुरवणाऱ्या शाखेच्या) काठाने उत्तरेकडे निघा.

हा कालवा १८३४ मध्ये सुरू झाला आणि १९३२ मध्ये त्यातली बोटींची ये-जा थांबली. पाणी मात्र आजही मध्य जर्सीतल्या नळांना जातं. इथली वाट जुन्या रेल्वेमार्गावरून जाते, म्हणून चढ जवळजवळ नाहीच. स्टॉकटनजवळ प्रॉल्सव्हिलच्या जुन्या गिरण्या लागतात, तिथे थोडं थांबा. पुढे बुल्स आयलंड. तिथला डेलावेअर नदीवरचा, फक्त पादचाऱ्यांसाठीचा झुलता पूल १९४७ चा, रोब्लिंग कंपनीने बांधलेला (हो, ब्रुकलिन ब्रिजवाले तेच). त्यावर सायकल हातात धरून चालायचं.

पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया! त्या बाजूलाही वेगळा कालवा आणि त्याची वाट आहे. तिने न्यू होपपर्यंत खाली या आणि पुलावरून परत लॅम्बर्टव्हिल. सगळा फेरा साधारण १४-१५ मैलांचा. पलीकडची वाट पावसानंतर चिखलाची होते आणि पुराने अधूनमधून बंदही असते, त्यामुळे निघण्याआधी तिकडच्या डेलावेअर कॅनॉल स्टेट पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बारीक टायरची रोड बाईक आणू नका.

मुलं दमली तर स्टॉकटनच्या पुलावरून फेरा अर्ध्यात तोडता येतो.