अनुभव धागा: दोन समाजांचे घर आणि मनाचे स्वास्थ्य

आई-वडिलांचे वंश, भाषा किंवा समाज वेगवेगळे असलेल्या सीमाभागातील वाचकांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. १९२८ साली रॉबर्ट पार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने अशा माणसाला दोन समाजांच्या सीमेवरचा मानले, आणि तो अस्वस्थच असणार हा समज पुढे रुजला. २००९ साली सारा टाउनसेंड, हेझल मार्कस आणि हिलरी बर्गसीकर यांच्या अभ्यासात मात्र असे आढळले की, मिश्रवंशीय विद्यार्थ्यांना अर्जावर एकच वंश निवडायला लावल्यास त्यांचा आत्मसन्मान आणि उमेद घटते. त्रास मिश्रणातून कमी आणि लादलेल्या निवडीतून अधिक होतो, असे मला वाटते. आपल्याकडे बहुधा वंशाऐवजी भाषा विचारली जाते; दडपण तसेच असते.

खानापूर तालुका: माझे वडील सिद्दी आणि आई मराठा. सिद्दींच्या पूर्वजांना पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, हे मला शाळेत कोणी सांगितले नाही. पण माझा रंग आणि केस पाहून बसमधले लोक मी कोणत्या देशाची, असे हिंदीत विचारत, आणि मी मराठीत उत्तर दिले की हसत. आईबरोबर बाजारात गेले, तर ही मुलगी कोणाची, हा प्रश्न माझ्यासमोरच तिला विचारला जाई. २०२० साली बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. वडिलांच्या बाजूने मिळालेल्या दाखल्याचा मला अभिमान आहे, परंतु तो हाती आल्यावर आजोळच्या एका नातेवाइकाने, "आता तू त्यांचीच झालीस," असे म्हटले आणि माझी झोपच उडाली. मी आजोळी जाणे टाळू लागले, कोणाशी बोलेनाशी झाले. वसतिगृहात हल्याळकडची, अशाच घरातली मैत्रीण भेटली, तेव्हा पहिल्यांदा मला काही समजावून सांगावे लागले नाही. आज मी सिद्दी आहे आणि आईच्या घरचीही आहे, हे मी मोठ्याने सांगते.

शहापूर, बेळगाव: वडील मराठी, आई कन्नड. १ नोव्हेंबरला वडील सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीला जात आणि मामा कर्नाटकाच्या स्थापनादिनाच्या, म्हणजे राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असत. त्या सकाळी माझ्या पोटात कळ येई. डॉक्टरांना काही सापडले नाही. वडील आणि मामांनी माझ्यासमोर त्यावरून वाद घालणे थांबवल्यावर दुखणेही ओसरले.

निपाणी: मला असा त्रास झाला नाही. दोन्ही आज्ज्या एकाच गल्लीत राहत, आणि आमच्या गल्लीत अशी घरे बरीच होती.

बेळगाव, समुपदेशक: तरुण बहुधा परीक्षेची भीती किंवा निद्रानाश सांगत येतात, घरातील ताणाचा विषय फार उशिरा निघतो. जनगणनेत मातृभाषा एकच नोंदली जात असली, तरी येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंद होते, हे मी त्यांना आवर्जून सांगते. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, दोन्ही घराण्यांचा इतिहास मुलाला शाळेत जाण्याआधी सांगावा आणि नातेवाइकांच्या भांडणात त्याला मध्यस्थ करू नये. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत विनामूल्य बोलता येते.